मुकुंदराजांच्या पोथीतला शक

लोधीखेड्याकडून पांढुर्ण्याला येऊन इटारसीची गाडी धरली, की मुलताईनंतर बैतूल लागते. जवळच खेरल्याचा पडका किल्ला. तिथे मुकुंदराजांची समाधी दाखवतात. दुसरी समाधी आंबेजोगाईच्या दरीत. एकाच कवीच्या दोन समाध्या, आणि तिसरा दावा नागपूर जिल्ह्यातल्या वैनगंगाकाठच्या आंभोऱ्याचा!

वाद मात्र गावापुरता नाही. मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधु'त शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, असा रचनाकाळ सांगणारी ओवी आहे. ती खरी धरली तर हा वेदान्तग्रंथ ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) शंभर वर्षे आधीचा ठरतो, आणि मुकुंदराज मराठीचे आद्य कवी. खेरल्याची कथा तर आणखी रंगतदार: राजा जैतपाळ ब्रह्म दाखवू न शकणाऱ्या साधूंना राबायला लावी, मुकुंदराजांनी त्याला अनुभव देऊन साधूंची सुटका केली.

अडचण भाषेची आहे. विवेकसिंधु आज वाचायला ज्ञानेश्वरीहून सोपा जातो. शंभर वर्षे जुना ग्रंथ नव्यासारखा कसा? शिवाय शकाची ती ओवी सगळ्या हस्तलिखितांत सापडत नाही. मागाहून कुणीतरी घातली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. दुसरी बाजू म्हणते, पोथी हातोहात उतरवली गेली आणि उतरवणाऱ्याने आपल्या काळची बोली तीत मिसळली.

हे म्हणणे पोकळ नाही. ज्ञानेश्वरीला तीनशे वर्षे व्हायच्या आतच तिच्या प्रती इतक्या बिघडल्या, की एकनाथांनी शके १५०६ मध्ये त्या ताडून शुद्ध केल्या. ज्ञानेश्वरीला एकनाथ मिळाले, विवेकसिंधूला तसा कोणी मिळाला नाही. पण मला वाटते, या युक्तिवादाने भाषेचा आक्षेप तेवढा बोथट होतो. काही प्रतींतून शकाची ओवीच गायब आहे, त्याचे उत्तर त्यात नाही. बोली बदलणारा लेखनिक साल कशाला गाळील? मुकुंदराजांच्या हातची प्रत उपलब्ध नाही, त्यामुळे भांडण नकलांच्या नकलांवर चालते.

शाळेत यावर मजेशीर तोड निघाली. आद्य कवी विचारले तर मुकुंदराज लिहायचे. आद्य गद्यग्रंथ विचारला तर म्हाइंभटांचे लीळाचरित्र. दोन्ही उत्तरांना गुण मिळतात.