आमच्या मागच्या पडवीची पन्हळ



मृग नक्षत्र जवळ आले की आपल्याकडे आगोटीची कामे सुरू होतात. लाकूडफाटा आत घ्यायचा, कौले शाकारायची, मिरच्या-मसाला भरून ठेवायचा. या सगळ्या गडबडीत पन्हळ मात्र राहून जाते. आमच्याकडे ती राहिली होती, म्हणून हा लेख लिहीत आहे.

पन्हळ सर्वांनी पाहिली आहे. छपरावरचे पाणी वळचणीला येते आणि तिथून पागोळ्या पडतात. त्या पागोळ्या झेलून सगळे पाणी एका टोकाला नेते ती पन्हळ. पूर्वी आमच्याकडे पोफळीची पन्हळ होती. पोफळ उभी चिरायची, आतला भुसभुशीत गाभा कोरून काढायचा की झाली पन्हळ. मग आजोबांनी पत्र्याची लावली. आता पीव्हीसीची आहे.

पन्हळ नसली तर काय बिघडते? गुरुजींनी वर्गात एक हिशेब सांगितला आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आमच्या मागच्या पडवीचे छप्पर ७ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे, म्हणजे २८ चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर २८०० लिटर पाणी होते. २०० लिटरची १४ पिंपे भरतील! आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. म्हणजे त्या एवढ्याशा छपरावरून ८४ हजार लिटरच्या वर पाणी खाली येते. पन्हळ नसेल तर ते सगळे जोत्याच्या कडेला पडते. माती उडून भिंतीला लागते, जोते उघडे पडते आणि ओल वर चढते. चिऱ्याची भिंत बराच काळ टिकते, पण मातीची भिंत भिजली की मऊ होते.

आमची मागची भिंत मातीची होती. आजी त्याच पडवीत झोपायची. मागची वळचण खाली आहे, स्टुलावर उभे राहिले की हात पोचतो. म्हणून मेअखेर पन्हळीतली पाने काढायचे काम माझ्याकडे होते. २०२४ साली मी पुढच्या अंगणातली पन्हळ साफ केली आणि मागची उद्या करू म्हणून ठेवली. तो उद्या आलाच नाही. जुलैमध्ये दोन दिवस पावसाने झोड उठवली. फणसाच्या पानांनी पन्हळीचे तोंड बंद झाले. पाणी पुढे जाईना, ते मागच्या काठावरून भिंतीवर उतरू लागले. बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही.

संध्याकाळी आजी म्हणाली, "अरे, भिंतीला हात लावून बघ. गार लागतेय, वास पण येतोय." बाबांनी बघितले आणि तिची खाट लगेच माजघरात आणली. पहाटे मोठा आवाज झाला. भिंत आत बसली होती. जिथे खाट होती तिथे मातीचा ढीग आणि आजीची पेटी त्याखाली. कोणाला लागले नाही. मला कोणी रागावले पण नाही, पण मला फार वाईट वाटले.

पुढच्या मे महिन्यात चिऱ्याची नवी भिंत बांधली आणि जुनी पत्र्याची पन्हळ उतरवली. जिथे पाने साठून राहायची तिथेच पत्रा गंजून भोके पडली होती. नवी पन्हळ बसवताना मी बाबांच्या आणि काकांच्या हाताखाली होतो. काय काय केले ते सांगतो.

१) आधी वाशांची टोके बघितली. दोन वासे कुजले होते, ते बदलले. कुजक्या लाकडात स्क्रू धरत नाही.

२) मग उतार काढला. एक मीटरला एक सेंटीमीटर उतार पुरतो, म्हणजे आमच्या ७ मीटरला ७ सेंटीमीटर. डोळ्यांनी हे कळत नाही. काकांनी पारदर्शक नळीत पाणी भरले आणि एक टोक या कोपऱ्यात, दुसरे त्या कोपऱ्यात धरले. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला राहते. तिथे खुणा केल्या. मग तोंडाकडची खूण ७ सेंटीमीटर खाली घेतली आणि मध्ये दोरी ताणली.

३) दोरीला धरून दर दोन फुटांवर एक आकडा ठोकला. आकडे लांब लांब ठोकले तर भरलेली पन्हळ मध्येच लोंबते आणि तिथे पाणी साठते.

४) बाहेरचा काठ आतल्या काठापेक्षा जरा खाली ठेवला. कधी पन्हळ भरून वाहिली तर पाणी अंगणात पडेल, भिंतीवर येणार नाही. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

५) पीव्हीसी उन्हात वाढते. म्हणून जोडाच्या तुकड्यात पन्हळ गच्च न बसवता थोडी जागा सोडली. पत्र्याची पन्हळ असेल तर वरच्या बाजूचा तुकडा खालच्या तुकड्यावर चढवावा. उलटे केले तर पाणी जोडात शिरते.

६) शेवटच्या कौलाचे टोक पन्हळीच्या आत येते ना, ते बघितले. मग वरच्या टोकाला एक बादली पाणी ओतले. सगळे तोंडातून बाहेर आले, मध्ये थेंबही थांबला नाही.

७) तोंडाखाली उभी नळी लावली आणि पुढे चिऱ्याचा छोटा पाट केला. पाणी केळीकडे जाते. आधी बाबा बघून आले, की ते शेजारच्या काकूंच्या अंगणात तर जात नाही ना.

आता साफसफाईचे. नुसते मे महिन्यात एकदा करून भागत नाही. मी दर रविवारी पाने काढतो. पाने अडकली की पाणी साठते आणि साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. डेंग्यूचा डास असाच साठलेल्या पाण्यात वाढतो. उंच पन्हळ असेल तर मुलांनी शिडीवर चढू नये, मोठ्यांना सांगावे. खालून मात्र आपण बघू शकतो. पाऊस चालू असताना वळचणीखाली उभे राहा. पाणी तोंडातून येतेय की काठावरून सांडतेय? भिंतीवर ओला पट्टा दिसतोय का? दिसला तर लगेच घरात सांगा.

आजीची खाट आता परत मागच्या पडवीत आहे. रात्री जोराचा पाऊस लागला की मी उठतो आणि भिंतीला हात लावून बघतो. आजी म्हणते, "झोप रे, कोरडी आहे." तरीपण मी बघतो.

तुम्ही पण आज घरी गेल्यावर आपली पन्हळ बघा. उद्यावर ठेवू नका.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी