हिरड्यांचा आजार : उपचारानंतरची देखभाल

हिरड्यांची साधी सूज पूर्ण बरी होते. पेरिओडॉन्टायटिसमध्ये मात्र दाताभोवतीचे हाड झिजते, आणि ते बहुधा भरून येत नाही. म्हणून इथे ‘बरा झाला’पेक्षा ‘आटोक्यात आला’ म्हणणे रास्त. दात-हिरडीमधली फट निरोगी तोंडात 1 ते 3 मिलिमीटर असते. ती त्याहून खोल गेली की ब्रशचे केस तळाला पोचत नाहीत आणि सफाईनंतरही काही आठवड्यांत जंतू तिथे पुन्हा वस्ती करतात. दंतवैद्य दर 3-4 महिन्यांनी बोलावतात ते यासाठीच. दंतसंशोधक ॲक्सेलसन आणि लिंडे यांच्या 1981 च्या स्वीडनमधल्या 6 वर्षांच्या पाहणीत नियमित देखभालीतल्या रुग्णांचा आजार थोपला. इतरांचा पुन्हा बळावला.

सफाईने दात हलतात, हा नेहमीचा आक्षेप. दात हलतो तो हाड गेल्यामुळे. साचलेले कीटण त्याला तात्पुरते धरून असते, आणि सूज उतरली की दातांमधल्या फटी दिसतात, एवढेच. रक्त येत नाही म्हणजे सारे ठीक, हेही धूम्रपान करणाऱ्यांबाबत खोटे : त्यांच्यात रक्तस्राव दबतो, हाडाची झीज चालूच राहते. हिरड्यांच्या आजारांवरील 2017 च्या जागतिक परिषदेतील वर्गीकरणानुसार रोज 10 किंवा अधिक सिगारेटी, तसेच एचबीएवनसी (रक्तातील साखरेची गेल्या काही महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी) 7 टक्के वा अधिक असलेला मधुमेह, आजाराला सर्वांत वेगवान ‘सी’ श्रेणीत नेतो. आणि हिरड्या बळकट होतील म्हणून घासली जाणारी मिश्री? तीही भाजलेला तंबाखूच.