नकाराला उत्तर द्यावे लागते

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या रफीनगर वस्तीत ताप आणि अंगभर पुरळ येऊन लहान मुले दगावली आणि महापालिकेच्या आरोग्य खात्याची धावपळ सुरू झाली. आजार गोवर होता. नोव्हेंबरात केंद्राचे पथक शहरात आले. कस्तुरबा रुग्णालयात गोवराच्या मुलांसाठी खाटा वाढवाव्या लागल्या. पाठोपाठ भिवंडी आणि मालेगावातूनही रुग्णांच्या बातम्या येऊ लागल्या. दगावलेल्या बहुतेक मुलांना लस मिळालेली नव्हती.

१९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट जगभरातल्या देशांना गोवराची लस पुरवते. त्याच महाराष्ट्रात, सरकारी केंद्रात फुकट मिळणाऱ्या लसीवाचून मुले गेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातल्या १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पूर्ण लसीकरण झालेली मुले सुमारे ७३ टक्के होती. म्हणजे चारातले एक मूल कुठे ना कुठे सुटलेले होते.

ही सुटलेली मुले सगळी सारखी नाहीत. कुणाचे आईबाप ऊसतोडीला किंवा बांधकामावर फिरत असतात, कुणाच्या आईला लसीकरणाच्या दिवशी खाडा परवडत नाही. करोनाच्या दोन वर्षांत अनेकांच्या तारखाच चुकल्या. आणि काही घरांतून स्पष्ट ‘नको’ असे उत्तर येते. हा लेख त्या ‘नको’विषयी आहे. तो शब्द ऐकला की आपण अडाणीपणाचा शिक्का मारून मोकळे होतो. नकाराचा इतिहास पाहिला तर हा निष्कर्ष टिकत नाही.

गोवराचा हिशेब

हा नकार एका घरापुरता का राहत नाही, ते आधी पाहू. लस न घेतलेल्या लोकांत गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. म्हणून साथ रोखायची तर १०० पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. आपल्या वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान आहे. नऊ महिन्यांच्या आतले बाळ, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे मूल, यांचे रक्षण आसपासच्या मुलांच्या लसीवरच अवलंबून असते.

गोवर ‘येऊन जातो’ हा समजही घातक आहे. न्यूमोनिया, जुलाब, मेंदूज्वर, दृष्टी जाणे हे धोके तर आहेतच. त्याखेरीज हा विषाणू शरीराने आधीच्या आजारांतून कमावलेली प्रतिकाराची स्मृती पुसून टाकतो, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दिसले. गोवरातून उठलेले मूल पुढचे कित्येक महिने इतर संसर्गांपुढे उघडे पडते. कुपोषित मुलासाठी हे अनेकदा जिवावरचे ठरते.

दोन शतकांचा विरोध

भारतातली पहिली देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत टोचली गेली, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. ही लस शोधणाऱ्या जेन्नरच्या प्रयोगाला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. बगदाद, बसरा असा प्रवास करत आलेली ती लस जिवंत ठेवण्याचा मार्ग एकच होता. एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव घेऊन तो दुसऱ्याच्या दंडावर टोचायचा. कुणाच्या अंगातला द्रव कुणाच्या अंगात जाणार, या प्रश्नावर जातिबद्ध समाजात विरोध होणे अटळ होते. पण शंका केवळ विटाळाची नव्हती. या पद्धतीने दुसरे रोगही पसरू शकत, आणि युरोपात तसे घडलेही होते. पुढे वासराच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत आली, तेव्हा तो धोका टळला.

विरोध फक्त वसाहतींत झाला असेही नाही. इंग्लंडने १८५३ मध्ये बाळांना देवीची लस सक्तीची केली आणि १८६७ मध्ये दंडाची तरतूद कडक केली. गरीब कामगारांच्या घरातल्या वस्तू दंडापोटी जप्त होऊ लागल्या. मार्च १८८५ मध्ये लेस्टर शहरात या सक्तीविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. अखेर १८९८ च्या कायद्याने सदसद्विवेकाच्या कारणावरून सूट मागण्याची मुभा दिली. सक्तीने लसीकरण वाढवले हे खरे, पण संघटित लसविरोधी चळवळही त्याच सक्तीतून उभी राहिली.

आपल्याकडचे सर्वांत आदरणीय विरोधक होते महात्मा गांधी. लस घेणे त्यांना अस्वच्छ आणि अहिंसेशी विसंगत वाटे. १९३० च्या सुरुवातीला साबरमती आश्रमात देवीची साथ शिरली आणि तीन मुले दगावली. गांधीजी आतून हादरले, तरी त्यांचे मत बदलले नाही. ज्यांना लस घ्यायची होती त्यांना मात्र त्यांनी अडवले नाही. नकार देणारा माणूस वाईट हेतूचाच असतो असे नाही, हे या घटनेतून कळते. हेतू कितीही शुद्ध असला तरी विषाणू त्याची दखल घेत नाही, हेही तितकेच स्पष्टपणे कळते. मृत्यू मुलांच्या वाट्याला आले.

मुरादाबादच्या दारांवरची फुली

नकाराला खरे उत्तर कसे द्यायचे, हे भारत शिकला तो पश्चिम उत्तर प्रदेशात. देशात १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम सुरू होती. तरी २००२ मध्ये पोलिओचे १६०० रुग्ण आढळले आणि त्यांतले बहुसंख्य एकट्या उत्तर प्रदेशातले होते. लसीकरणाची पथके घरोघरी फिरून दारावर खडूने खूण करत. सगळ्या मुलांना डोस मिळाला तर ‘पी’, राहिला किंवा नाकारला तर फुली. मुरादाबादसारख्या जिल्ह्यांत, विशेषतः मुस्लिम मोहल्ल्यांत, अशा फुल्या साचत होत्या.

या थेंबांनी मुले पुढे निर्बीज होतील, अशी अफवा होती. अफवा खोटी होती, पण तिच्यामागची आठवण खरी होती. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या कितीतरी धाकदपटशाने झाल्या. ऑक्टोबर १९७६ मध्ये मुझफ्फरनगरला नसबंदीविरोधी जमावावर पोलिसांनी गोळीबार केला होता. महाराष्ट्रही यात मागे नव्हता. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. ज्या सरकारने बापाला शस्त्रक्रियेसाठी पकडून नेले, तेच सरकार पंचवीस वर्षांनी नातवाला थेंब पाजायला दारात आले, तर आजीने दार का उघडावे?

लोकांचा दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता: आमच्या मुलाला आठ-दहा वेळा डोस पाजले, तरी पोलिओ झालाच कसा? अधिकाऱ्यांना हा प्रश्न बराच काळ आडमुठेपणा वाटला. २००६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने दाखवले की उत्तर प्रदेशात त्रिगुणी लसीच्या एका डोसाची परिणामकारकता सुमारे ९ टक्के होती, तर उर्वरित देशात सुमारे २१ टक्के. दाट वस्ती, उघडी गटारे आणि सततचे जुलाब यांमुळे लस आतड्यात नीट रुजत नव्हती. आयांचे निरीक्षण बरोबर होते.

याच काळात लस बदलली. २००५ मध्ये एकाच प्रकारच्या विषाणूवरची आणि २०१० मध्ये दोन प्रकारांवरची लस मोहिमेत आली. पद्धतही बदलली. युनिसेफच्या पुढाकाराने मोहल्ल्यातल्याच हजारो स्त्रिया घरोघरी जाऊन बोलू लागल्या. जामिया मिलिया आणि अलीगढ विद्यापीठांतली माणसे सोबत आली, मशिदींतून मोहिमेच्या घोषणा होऊ लागल्या. ‘वीज नाही, गटार नाही, दवाखाना नाही, फक्त पोलिओचे थेंब घेऊन दर महिन्याला येता,’ ही तक्रारही ऐकली गेली. सर्वाधिक धोक्याच्या तालुक्यांत जुलाबावरची औषधे, स्वच्छता आणि इतर लसी यांवर भर दिला गेला.

देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या विभागाला पोलिओमुक्त घोषित केले. लोकांच्या शंका मोहिमेने ज्या दिवसापासून माहिती म्हणून वापरल्या, त्या दिवसापासून फुल्या पुसल्या जाऊ लागल्या.

खोटी भीती आणि खरा धोका

शिकलेल्यांच्या नकाराची जात वेगळी. २८ फेब्रुवारी १९९८ रोजी ‘द लॅन्सेट’मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांचा अवघ्या बारा मुलांवरचा लेख आला आणि गोवर, गालगुंड, रुबेलाच्या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याची भीती जगभर पसरली. पत्रकार ब्रायन डीअर यांनी २००४ पासून या लेखाची पाळेमुळे खणली. लस कंपन्यांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळाले होते आणि मुलांच्या नोंदी बदललेल्या होत्या. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने लेख मागे घेतला, वेकफिल्ड यांचा वैद्यकीय परवाना गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये पुन्हा सिद्ध झाले की ही लस आणि स्वमग्नता यांचा संबंध नाही. तरीही व्हॉट्सॲपवर बारा मुलांचीच गोष्ट फिरत राहते.

पण लसीने कधीच काही होत नाही, असे म्हणणेही खोटे आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत कटर कंपनीच्या पोलिओ लसीत जिवंत विषाणू राहून गेला. सुमारे २०० जणांना पक्षाघात झाला आणि दहा मृत्यू झाले. त्यानंतर लसींवरची देखरेख कायमची कडक झाली. १९९८ मध्ये परवाना मिळालेली रोटाशील्ड ही लस साधारण दहा हजार बाळांमागे एकात आतड्याची गुंतागुंत करते असे दिसताच १९९९ मध्ये बाजारातून काढली गेली. धोका शोधणारी, मान्य करणारी आणि लस थांबवणारी यंत्रणा असते, हे पालकांना सांगायला हवे. ते लपवले की पहिल्याच दुर्घटनेला सगळ्याच लसींवरचा विश्वास उडतो.

उपकेंद्रातला अर्धा तास

हा विश्वास प्रत्यक्षात घडतो तो उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत. आशाताईंनी आदल्या दिवशी यादी घेऊन घरोघरी निरोप दिलेला असतो. टेबलावर निळा लस कॅरियर, त्यात बर्फाचे पॅक. कुपीवर एक छोटे वर्तुळ आणि त्यात चौकोन. उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो, आणि तो वर्तुळाच्या रंगाचा झाला की कुपी फेकायची. गोवर-रुबेलाची कोरडी लस द्रावणात मिसळल्यावर सिस्टर कुपीवर वेळ लिहितात, कारण चार तासांनंतर ती वापरायची नसते. सुई एकदाच वापरता येते, दुसऱ्यांदा दट्ट्या मागे ओढलाच जात नाही.

टोचून झाल्यावर सिस्टरने चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली आणि ती कोणत्या आजारावर, काय त्रास होऊ शकतो आणि त्यावर काय करायचे, पुढचा डोस कधी, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचे. मग अर्धा तास तिथेच थांबायचे. हा अर्धा तास आणि या चार गोष्टी गर्दीत सर्वांत आधी गळतात. पेंटाव्हॅलेंट या पाच आजारांवरच्या लसीनंतर बाळाला ताप येतो, मांडीवर गाठ येते. हे आधी सांगितलेले नसेल तर रात्रभर रडणारे बाळ घेऊन जागलेली आई पुढच्या डोसाला येत नाही, आणि शेजारणीलाही जाऊ देत नाही. अनेक नकारांचे मूळ इतके साधे असते.

सक्ती की संमती

महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून शाळाशाळांतून गोवर-रुबेला मोहीम झाली. दिल्लीत मात्र जानेवारी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने पालकांच्या संमतीचा आणि त्यांना माहिती देण्याचा प्रश्न उचलून शाळांतली मोहीम रोखली. सर्वोच्च न्यायालयानेही २ मे २०२२ रोजी, करोनाच्या संदर्भात, कोणालाही लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही असा निर्वाळा दिला.

माझे मत स्पष्ट आहे. बालकांच्या लसी घेतल्याच पाहिजेत. मुलाला गोवरापुढे उघडे टाकण्याचा नैतिक अधिकार आईबापांना नाही. मात्र पोलिसी सक्तीने हे साधत नाही. शासनाने तीन गोष्टी कराव्यात. लसीनंतरच्या प्रत्येक गंभीर त्रासाच्या चौकशीचा निष्कर्ष त्या कुटुंबाला त्याच्या भाषेत कळवावा. अमेरिकेने १९८६ मध्ये केला तसा, लसीमुळे क्वचित इजा झालेल्या मुलाला दोष सिद्ध न करता भरपाई देणारा कायदा करावा. आणि आशाताई व आरोग्यसेविकांना बोलायला वेळ मिळेल इतकी माणसे नेमावीत.

वाचकांनाही काही करता येईल. घरातल्या लहानग्याचे कार्ड आज काढून पाहा आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस झाला आहे का ते तपासा. राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत तो देता येतो. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या बाळाची तारीख विचारा, आणि त्या दिवशीची सुट्टी पगार न कापता द्या. कुणी ‘नको’ म्हणाले तर हिणवू नका. का नको ते विचारा, शेवटपर्यंत ऐका, आणि त्यांच्यासोबत केंद्रावर जा.