मंद चालीची परीक्षा

भरधाव सायकलीचा तोल नवशिक्यालाही साधतो. खरी कसोटी लागते ती सायकल अगदी सावकाश चालवताना. होडीच्या पाठीमागे बसवलेल्या आउटबोर्ड मोटरीचेही असेच आहे. वेगात ती सुरेल गुणगुणते आणि वेग उतरवला, की खोकते, अडखळते, एखादी उचकी देऊन गप्पही होते. मराठीच्या प्राध्यापकाने या भानगडीत का पडावे, असे वाचक विचारतील. पण माझी सासुरवाड मालवणजवळच्या देवबागची. मेहुणे होडी चालवतात. त्यामुळे जावयाचा पाहुणचार आटोपला, की जावईबापूंच्या हाती पाना येतोच!

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. मुखाशी वाळूचे उंचवटे आहेत आणि त्यांवर लाटा फुटतात. तेथे लाटेचा अंदाज घेत क्षणभर थबकावे लागते. नेमक्या त्या क्षणी मोटर बंद पडली, तर होडी लाटेला आडवी होते. आणि आडव्या होडीला लाट दयामाया दाखवत नाही. तेथल्या एका वृद्ध तांडेलांनी मला एकदा सांगितले, "मास्तरानू, जोरात चालताना सगळीच इंजिनां बरी, उभ्यान कशी ऱ्हवतत ता बघा."

या अनुभवामागे शास्त्र आहे. मोटर वेगात असते तेव्हा कार्ब्युरेटरमधून पेट्रोल मोठ्या छिद्रातून येते. मंद चालीत हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पेट्रोल एका वेगळ्या, सुईच्या टोकाएवढ्या वाटेने झिरपते. मोठ्या छिद्राला जो कण जाणवतही नाही, तो ही वाट बुजवून टाकतो. म्हणून वेगात ठणठणीत असलेली मोटर मंद चालीत आजारी पडते.

आजाराचा शोध स्वस्त उपायापासून सुरू करावा. प्रथम पेट्रोल पाहावे. पावसाळाभर होडी किनाऱ्यावर ओढलेली असते आणि टाकीतले शिळे पेट्रोल चिकट थर धरते. त्यात २०२५ साली देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉल ओलावा शोषून घेते. ओलावा फार झाला, की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि नळीचे तोंड नेमके तिथेच असते! तेव्हा जुने पेट्रोल काढून ताजे भरावे आणि गाळणी बदलावी. टू-स्ट्रोक मोटर असेल, तर तेलाचे प्रमाणही तपासावे. पुष्कळ मोटरींना १ लिटरला २० मिलिलिटर तेल लागते; पण आपल्या मोटरीची पुस्तिका सांगेल तेच खरे.

मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहावा. तो बंद राहिला, तर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल पुढे सरकत नाही. नळीला भेग असली, की पेट्रोलबरोबर हवाही ओढली जाते.

एवढ्याने भागले नाही, तर स्पार्क प्लग काढावेत. दोन सिलिंडरांच्या मोटरीतले दोन्ही प्लग शेजारी ठेवावेत. एक कोरडा, तपकिरी आणि दुसरा ओला, काळाकुट्ट दिसला, तर दुखणे त्या दुसऱ्या सिलिंडरात आहे. प्लग नवा घालूनही फरक पडला नाही, तर कार्ब्युरेटर उघडून ती बारीक वाट द्रावणाने आणि हवेच्या झोताने साफ करावी. तारेने कोरू नये, छिद्र मोठे होते. तरीही गुण आला नाही, तर सिलिंडरांतला दाब मोजून घ्यावा. तिथे मोठी तफावत निघाली, तर काम कारागिराचेच.

पण पुष्कळजण हे काहीच करीत नाहीत. ते मंद चालीचा स्क्रू पिळून फेरे वाढवतात. खोकला थांबतो, आणि सारे खूश! हे म्हणजे तापाच्या रोग्याला पंख्याखाली बसवून बरा झाला म्हणण्यासारखे. फेरे चढलेले असताना गिअर टाकला, की आतले दाते एकमेकांवर आपटून झिजतात आणि होडी एकदम हिसका देते. त्या वेळी कडेला उभे असलेले मूल पाण्यात पडू शकते. पाण्याखाली पंखा फिरत असतो, हे सांगायला नकोच.

आणखी एक पथ्य. ही मोटर कोरड्यात चालवून पाहू नये. पाणी ओढणाऱ्या पंपातले रबरी चक्र थोड्याच वेळात करपते. पिंपात पाणी भरून त्यात मोटर बुडवावी आणि पाण्याची बारीक धार बाहेर पडते आहे ना, ते पाहत राहावे.

या दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी कित्येकजण मुलाबाळांसह तारकर्लीला, देवबागला जातील. होडीत पाय ठेवण्यापूर्वी अंगात जीवरक्षक जाकीट आहे ना, हे पाहाच. पण क्षणभर कानही द्या. धक्क्याला उभी असलेली मोटर एका लयीत बोलते आहे, की दर दहा ठोक्यांनी अडखळते आहे? अडखळत असेल, तर नावाड्याला तसे विचारा. भला नावाडी रागावणार नाही. तो टोपण उघडून प्लग पाहील.