एकाच प्रश्नावर चालणारे यंत्र

रविवारची प्रार्थना आटोपत आली की पाद्री आपली जागा पाहुण्या वक्त्याला देई. वक्ता दारूपायी धुळीला मिळालेल्या संसारांबद्दल बोले आणि शेवटी बाकांवरून छोटी कार्डे फिरत. दरमहा किती देणार तो आकडा आणि खाली नाव-पत्ता, एवढेच लिहायचे. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट अशा चर्चांमधून जमलेल्या या चिल्लर वर्गणीवर एक संघटना उभी राहिली आणि तिने अमेरिकेच्या राज्यघटनेत दुरुस्ती करून घेतली. तिचे नाव अँटी-सलून लीग.

सलून म्हणजे तिथले दारूचे गुत्ते. त्यांतले पुष्कळसे बिअर कंपन्यांच्या पैशांवर चालत आणि शहरातल्या वॉर्डांचे राजकारण तिथेच शिजे. गुत्त्यांविरुद्ध चीड जुनीच होती. 1869 पासून प्रोहिबिशन पार्टी नावाचा स्वतंत्र पक्षही होता, पण निवडणुकीत त्याच्या पदरी फारसे काही पडत नसे. 1893 साली ओहायोतल्या ओबरलिनमध्ये हॉवर्ड हाइड रसेल या पाद्र्याने लीग काढली ती यातून धडा घेऊनच. पक्ष काढायचा नाही, उमेदवार उभे करायचे नाहीत. दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना फक्त विचारायचे, दारूबंदीच्या बाजूने मत देणार का? ‘हो’ म्हणणारा स्वतः पीत असला तरी लीगला चाले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले वॉरन हार्डिंग पिणारे होते, पण सिनेटमध्ये त्यांनी दारूबंदीला मत दिले आणि लीगला तेवढे पुरेसे होते.

या यंत्राची ताकद प्रथम दिसली 1905 साली, ओहायोतच. गव्हर्नर मायरन हेरिक रिपब्लिकन, राज्यही त्याच पक्षाचे. गुत्ते ठेवायचे की नाही हे स्थानिक मतदारांना ठरवू देणारा कायदा हेरिकनी सौम्य करायला लावला होता. लीगचे तरुण वकील वेन व्हीलर यांनी त्यांच्याविरुद्ध सभांमागून सभा घेतल्या, चर्चा-चर्चांतून पत्रके वाटली. हेरिक पडले. त्याच निवडणुकीत त्यांच्याच पक्षाचे इतर उमेदवार निवडून आले, हे महत्त्वाचे. मतदार पक्षावर रागावलेला नव्हता, त्याने नेमका एक माणूस वेचून बाजूला काढला होता. एवढे पाहिल्यावर पुढच्या उमेदवारांना फार समजवावे लागले नाही.

1909 साली लीगने कोलंबस शहराजवळच्या वेस्टरव्हिल या छोट्या गावात मुख्यालय आणि छापखाना हलवला. तिथून देशभर पत्रके जात आणि मतदानाच्या तोंडावर खासदारांच्या टेबलांवर पत्रांचे, तारांचे ढीग पडत. खरी दूरदृष्टी मात्र पैशाच्या हिशोबात होती. 1910 च्या सुमारास केंद्र सरकारच्या उत्पन्नाचा तीस टक्क्यांच्या आसपास हिस्सा दारूवरच्या करातून येई. तो बुडाला तर सरकार चालणार कशावर? म्हणून लीगने आयकराच्या बाजूने जोर लावला. 1913 च्या फेब्रुवारीत आयकराची घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि वर्षअखेर लीगचे हजारो कार्यकर्ते देशव्यापी दारूबंदीची मागणी घेऊन वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर हजर झाले. डिसेंबर 1914 मध्ये ठरावाला प्रतिनिधीगृहात 197 विरुद्ध 190 मते पडली. बहुमत होते, दोन तृतीयांश नव्हते. लीग 1916 च्या निवडणुकीच्या तयारीला लागली.

समोरच्या बाजूकडे पैसा कमी नव्हता. पण बिअरवाले आणि व्हिस्कीवाले एकमेकांत भांडत राहिले. बंदी आलीच तर ती कडक दारूवर, बिअर सुटेल, अशी बिअरवाल्यांची समजूत होती. 1917 साली अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि पॅब्स्ट, श्लिट्झ अशी जर्मन नावे लावणारे कारखानदार एकदम संशयित ठरले. लीगने त्या द्वेषाला खतपाणी घातले. 1917 च्या डिसेंबरात काँग्रेसने दुरुस्ती संमत केली. 16 जानेवारी 1919 रोजी मंजुरीसाठी लागणारे छत्तिसावे राज्य म्हणून नेब्रास्काने मान्यता दिली आणि वर्षभराने बंदी अमलात आली.

या लीगबद्दल मला आदर वाटतो आणि धास्तीही. तिने खासदार विकत घेतले नाहीत. तिने मते गोळा केली, लोकशाहीच्याच नियमांनी. दहा प्रश्नांचा विचार करणाऱ्या शंभर मतदारांपेक्षा एकाच प्रश्नावर मत देणारे दहा जण उमेदवाराला जास्त भिववतात, हे तिने सिद्ध केले. बंदूकवाल्यांची संघटना नॅशनल रायफल असोसिएशन आज उमेदवारांना ए ते एफ अशा श्रेणी देते, ती याच वाटेने. पण एक गोष्ट मी लीगच्या बाजूने कधीच मोजू शकत नाही. 1920 च्या जनगणनेत शहरी लोकसंख्या प्रथमच निम्म्याहून जास्त भरली. शहरांना जागा वाढवून द्यायच्या तर दारूबंदीचे विरोधक वाढणार, या भीतीने बंदीवाल्या ग्रामीण खासदारांनी फेरवाटप अडवून धरले. त्या पूर्ण दशकात प्रतिनिधीगृह 1910 च्याच आकड्यांवर चालले. स्थलांतरितांनी भरलेल्या शहरांचा हक्क असा दाबला गेला.

1927 साली व्हीलर वारले. 1929 मध्ये पॉलिन सेबिन या रिपब्लिकन कार्यकर्तीने दारूबंदी उठवण्यासाठी स्त्रियांची संघटना काढली आणि पद्धत लीगचीच उचलली: पक्ष न पाहता उमेदवाराला प्रश्न विचारायचा. 1932 साली या संघटनेने राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट रूझवेल्टना पाठिंबा दिला. राज्यांच्या विधिमंडळांवर लीगची दहशत अजून होती, म्हणून रद्दीकरणाचा ठराव तिथे न पाठवता त्यासाठी खास निवडलेल्या अधिवेशनांपुढे ठेवला गेला. 5 डिसेंबर 1933 रोजी तो मंजूर झाला. या मार्गाने मान्यता मिळालेली अमेरिकेच्या घटनेतली ती एकमेव दुरुस्ती आहे.