मावळात परवडणारा स्मार्टफोन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्मार्टफोनची निवड किमतीपासून सुरू करावी, असा रूढ समज आहे. मावळ तालुक्यात मात्र ती गावाच्या भूगोलापासून सुरू केलेली बरी. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही खोरी सह्याद्रीच्या डोंगरसोंडांनी एकमेकांपासून तुटलेली असून, मोबाइलच्या रेडिओलहरी मुख्यतः सरळ रेषेत जात असल्याने सोंडेपलीकडच्या वाडीपर्यंत त्या क्षीण होऊनच पोहोचतात. त्यामुळे तळेगाव दाभाडे किंवा वडगावच्या दुकानात भरपूर रेंज दाखवणारा फोन तुंग किंवा तिकोन्याच्या पायथ्याच्या घरात मुका होऊ शकतो, आणि त्यात हँडसेटचा दोष असेलच असे नाही.

‘महाग फोनला रेंज जास्त मिळते’ हा समज याच ठिकाणी फसतो. प्रत्येक कंपनी ठरावीक वारंवारितांच्या पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर, सेवा देते. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात आणि अडथळ्यांच्या कडेने काहीशा वळतात, तर २३०० मेगाहर्ट्झच्या लहरींचा पल्ला त्या मानाने कमी असतो. बीएसएनएलच्या ४जी सेवेसाठी ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८, तर जिओच्या ४जी सेवेसाठी ८५० मेगाहर्ट्झचा बँड ५ महत्त्वाचा आहे. हे बँड फोनमध्ये आहेत की नाहीत, हे उत्पादकाच्या तांत्रिक तपशिलात पाहता येते. पडद्यावरच्या काड्यांवर विसंबू नये, कारण किती रेंजला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक उत्पादक आपापल्या परीने ठरवतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये सिमच्या माहितीखाली बहुधा सिग्नलचा आकडा डीबीएम या एककात दिसतो: उणे ८५ च्या आसपासचा चांगला, उणे ११५ चा जवळपास निरुपयोगी. शेजाऱ्यांकडची वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे घरात आणून ओसरीवर, माजघरात आणि गोठ्यापाशी हा आकडा तपासला, तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरे उत्तर मिळते.

भारतात ५जी सेवेचा आरंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला आणि तेव्हापासून ‘आता ४जी फोन घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे’ असे मानले जाऊ लागले. वास्तविक ५जी फोनसुद्धा ५जी न मिळणाऱ्या जागी ४जीवरच चालतो. ज्या वाडीत ५जी पोहोचलेलेच नाही, तिथे त्यासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा चांगली बॅटरी घेणे अधिक उपयोगाचे, कारण रेंज क्षीण असली की टॉवरशी संपर्क टिकवताना फोनची बॅटरीही अधिक खर्ची पडते.

प्लॅनच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान ‘महिन्याचा पॅक’ या शब्दप्रयोगाने होते. २८ दिवसांच्या पॅकने वर्ष काढायचे तर बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात आणि तरीही ३६४ दिवसच भरतात. म्हणून पॅकची किंमत दिवसांनी भागून दर दिवसाचा खर्च काढावा आणि मगच तुलना करावी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२२ मध्ये ३० दिवसांच्या मुदतीचा किमान एक पर्याय देणे कंपन्यांना बंधनकारक केले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल व एसएमएस देणारे, इंटरनेट नसलेले पॅक उपलब्ध करण्यास सांगितले. साधा फोन वापरणाऱ्या आजी-आजोबांच्या नंबरवर रोजच्या डेटाचा पॅक मारणे हा निव्वळ अपव्यय आहे, आणि दुकानदाराने आपणहून सांगितले नाही तरी फक्त कॉल-एसएमएसचा पॅक मागून घ्यावा.

कंपनी बदलली की नंबर जातो, ही भीती अजूनही ऐकू येते. प्रत्यक्षात नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची, म्हणजे पोर्ट करण्याची, सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावेत आणि पोस्टपेड असल्यास बिल थकलेले नसावे, एवढ्या प्रमुख अटी. मुंबई हे वेगळे दूरसंचार मंडळ असून मावळ महाराष्ट्र मंडळात मोडतो; तरी मुंबईचा नंबर लोणावळ्यात राहायला आल्यावरही पोर्ट करता येतो, फक्त त्याला थोडे अधिक दिवस लागतात.

लोणावळ्यात वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द इथे फार खपतो. आयपी ६७ या मानांकनाचा अर्थ एवढाच, की नवा फोन चाचणीत एक मीटर गोड्या पाण्यात तीस मिनिटे टिकला. पडून तडा गेलेल्या फोनला ते लागू राहत नाही आणि पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत बहुधा धरले जात नाही.

वापरलेला फोन घेणे धोक्याचेच असते असे नाही, मात्र पैसे देण्याआधी *#०६# दाबून त्याचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक पाहावा. इंग्रजी अक्षरांत ‘केवायएम’, मग मोकळी जागा आणि तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवला, की फोनची स्थिती कळते. उत्तरात तो काळ्या यादीतला किंवा बनावट क्रमांकाचा निघाला, तर तो कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नये.