कापडाच्या नावाखाली प्लास्टिक
दुकानाच्या पिशवीचा हिशेब आपल्यालाच द्यायचा आहे

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. हातात आलेला माल सुती आहे, टेरिकॉट आहे की निव्वळ पॉलिस्टर, हे आम्ही डोळे मिटून सांगू, अशी आमची समजूत होती. ती आमच्याच दुकानाच्या पिशवीने खोटी ठरवली.

गोष्ट 2018 ची. 23 मार्चला राज्य शासनाने प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांनी, 23 जूनपासून, कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड, दुसऱ्याला 10,000, तिसऱ्याला 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. गोंदियाच्या बाजारात सगळ्यांची धावपळ उडाली. एका पुरवठादाराने आम्हाला रंगीत पिशव्या दाखवल्या आणि ‘ही कापडी आहे’ असे सांगितले. हाताला मऊ, चकाकी नाही. आम्ही दुकानाचे नाव मोठ्या अक्षरांत छापून घेतले आणि निर्धास्त झालो.

पुढच्या पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, तिरोडा तालुक्यातील आमचे एक जुने गिऱ्हाईक दुकानात आले. त्यांनी खिशातून चिखलाने माखलेला एक लाल तुकडा काढून गल्ल्याजवळ ठेवला. त्यावर आमच्या दुकानाच्या नावाची दोन अक्षरे होती.

“शेठ, तुमचं दुकान आमच्या बांधीत सापडलं,” ते म्हणाले.

बांधी म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत. रोवणी करणाऱ्या बाईच्या हाताला तो तुकडा लागला होता. ते हसत होते; आम्हाला हसता आले नाही.

दोरा ओढून पाहा

त्या संध्याकाळी दुकान वाढवल्यावर आम्ही त्या पिशवीची परीक्षा घेतली. ती आधीच घ्यायला हवी होती. कापडाच्या कडेचा दोरा ओढला की निघतो, कारण त्यात ताणा-बाणा असतो. या पिशवीतून दोरा निघेना. उजेडात धरली तर विणीऐवजी बारीक ठिपक्यांचे ठसे दिसले. मग एक तुकडा काडीने पेटवला. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख होते. हा तुकडा आक्रसला, वितळला आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी झाला.

ही नॉन-वोव्हन पिशवी. ती पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे तंतू उष्णतेने दाबून बनवतात. उन्हात पडून तिचे तुकडे होतात, तुकड्यांचा भुगा होतो. पण ती कुजून माती होत नाही. 2018 च्या बंदीत तिचेही नाव होते. आम्ही अधिसूचना वाचली नाही, पुरवठादाराच्या शब्दावर विसंबलो. चूक आमची.

केंद्र शासनाच्या नियमांनुसार 30 सप्टेंबर 2021 पासून 60 जीएसएमपेक्षा हलकी नॉन-वोव्हन पिशवी चालत नाही आणि 31 डिसेंबर 2022 पासून साध्या प्लास्टिक पिशवीची जाडी किमान 120 मायक्रॉन लागते. पण व्यापारी बंधूंनो, जाड पिशवी नियमात बसली म्हणून ती कापडी होत नाही. दुधात पाणी घालणाऱ्याला आपण नावे ठेवतो. प्लास्टिक देऊन ‘कापडी’ म्हणणे त्याहून वेगळे नाही.

नुकसान कोणाचे?

आमचा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या जुन्या मालगुजारी तलावांवर आजही कित्येक गावांची शेती उभी आहे. नालीत पडलेली पिशवी पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याला लागते, तलावात जाते, पाटाने बांधीत उतरते. वाटेत एखादी गाय ती चारा समजून गिळते. धान विकले गेले की शेतकरी कपड्याला येतो, लग्नाचा बस्ता बांधतो. त्याचे शेत नासले तर आमच्या दुकानात कोण येणार?

याच शेतांत सारस पक्षी घरटे करतो. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. बांधीत घरटे दिसले की त्याभोवतीचा धान तसाच राखणारे शेतकरी इथे आहेत. पक्ष्यासाठी ते आपल्या पिकाला तोशीस लावून घेतात; आम्ही मात्र पिशवीमागे चार पैसे वाचवत होतो.

आम्ही काय केले

उरलेल्या पिशव्या वाटणे थांबवले. मांजरपाट आणि दुकानातील कटपीस मोहल्ल्यातील शिवणकाम करणाऱ्या भगिनींना दिले आणि पिशव्या शिवून घेतल्या. एक पिशवी जुन्या पिशवीच्या तिप्पट-चौपट महाग पडली. फुकट देणे परवडेना, म्हणून लागत तेवढेच पैसे घेऊ लागलो. काही गिऱ्हाइके रागावून शेजारच्या दुकानात गेली, हेही सांगितले पाहिजे. काही परत आली, काही आली नाहीत.

आणखी एक गोष्ट कळली. कापूस पिकवायला पाणी लागते, सूत काढायला वीज लागते. सुती पिशवी एकदा वापरून फेकली तर तीही फिजूलखर्चीच. म्हणून आता माल दाखवण्याआधीच विचारतो, “घरून पिशवी आणली का?” आणली असेल तर बिलात पाच रुपये कमी करतो. आमच्या वडिलांच्या काळी गिऱ्हाईक पिशवी घेऊनच बाजाराला निघत असे. ती सवय आम्ही दुकानदारांनीच मोडली; ती परत लावणेही आमचेच काम.

आपल्या घरच्या कार्यातही हेच. शादी-वलीम्याला थर्माकोलच्या ताटल्या कशाला? पळसाची पाने आपल्या जिल्ह्यात भरपूर आहेत आणि पत्रावळी लावणारे हातही आहेत. ते पैसे गावातच राहतील.

एका दुकानदाराला सुती पिशवी महाग पडते. दहा दुकानदारांनी मिळून मांजरपाटाचे थान घेतले तर स्वस्त पडेल. टेलर मास्तरांना मंदीच्या महिन्यांत शिलाईचे काम मिळेल. प्रत्येक गावच्या बाजारात हे जमण्यासारखे आहे. सुरुवात म्हणून उद्या दुकान उघडल्यावर आपल्या पिशवीचा एक दोरा ओढून पाहा. निघाला नाही, तर पुरवठादाराला जाब विचारा.